सखूबाईचा मुऱ्हाळी

आमच्या घरात माझ्या शब्दापुढे कोणी जात नाही. नवरा जात नाही, मुलगा हेमराज जात नाही, सून नूतन तर नाहीच नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की पहिला हंडा कोणाचा लागेल हेसुद्धा मी ठरवते, आणि ज्यांना ते पचत नाही त्या शेजारच्या गल्लीत जाऊन भरतात. त्यामुळे मी कोणाला मानते असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. एक बाई आहे जिच्यापुढे मी तोंड बंद ठेवते. ती माझी थोरली नणंद सखूबाई. आमच्या घराने तिला माझ्या लग्नाच्या आधीच मेली म्हणून सोडून दिलं होतं, तिचा दहावासुद्धा घालून झाला होता. आणि मी तिला शोधायला निघाले ती काही नणंदेच्या मायेने नाही. नवरा वाचवायला निघाले होते.

नवऱ्याचं नाव सुकदेव. लूमच्या खात्यात कारीगर. कारखान्याला सुरतेत खातंच म्हणतात. आयुष्यभर सुताची कुसळं नाकातोंडात गेली, आणि त्या साली दिवाळीनंतर जो खोकला धरला तो सुटेना. प्लेगचं साल नुकतंच मागे पडलं होतं. तेव्हा सगळी गल्ली दारांना कुलपं लावून तापी लाईनच्या गाडीने खानदेशात पळाली होती. मी पळाले नाही. माझ्या घराला हात लावायची हिंमत माणसाची नाही तिथे उंदराची कुठून असणार. पण तेव्हापासून गल्लीत कोणी खोकलं की समोरची दारं लागायची. ह्यांचा खोकला मी रेडिओ मोठा लावून झाकला, किती दिवस झाकणार?

सरकारी दवाखान्यात फोटो काढला, थुंकी तपासली, टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. महिनाभरात ताप उतरला, भाकरी जायला लागली, आणि ह्यांनी स्वतःच स्वतःला बरं करून टाकलं. गोळ्या माझ्या नकळत मोरीत जायला लागल्या. फाल्गुनात रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवून भागायचं नाही. इच्छापोरच्या पुढे, दर्याच्या अंगाला, टीबीचं सॅनिटोरियम आहे, तिथे काही महिने ठेवा. नाहीतर हा माणूस पावसाळा काढणार नाही.

घरी आल्यावर हे खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "मी तथा जात नही." घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

"पावसाळा निघणार नाही म्हणतात डॉक्टर."

"नको निघू दे. मागच्या पावसाने तरी आपलं काय पिकवलं?"

बोलायचं असं, आणि तोंड मात्र सरळ ठेवायचं. ही त्यांची खोड जुनी.

का जायचं नाही ते मला माहीत होतं. माझे सासरे लोटू पाटील ऊसतोडीला चलथाणला यायचे, साखर कारखान्याच्या पडावात, बायकापोरांसकट. हे तेव्हा लहान. यांची मोठी बहीण सखू लग्न होऊन सासरी गेलेली, पण तिला खोकला लागला तसा नवऱ्याने तिला हाकलून दिलं, आणि ती एकटी चालत बापाच्या पडावात आली. सासऱ्यांनी सीझन संपता संपता तिला याच सॅनिटोरियममध्ये ठेवलं आणि गावी गेले. पुढच्या सीझनला आले ते आधी तिला बघायला गेले. बरोबर उखा मुकादम होता, कारण सासऱ्यांना गुजराती येत नव्हतं आणि उखाला येतं असा त्याचा स्वतःचा समज होता. उखाने फाटकावर विचारलं, रखवालदाराने काही सांगितलं, आणि उखाने डोक्यावरची टोपी काढली. सासऱ्यांना पुढचं विचारायची गरज पडली नाही. त्या काळी टीबीचं प्रेत घरी देतही नसत म्हणे. सासरे फाटकाच्या आतसुद्धा न जाता फिरले, सीझन अर्धा टाकून गावी गेले आणि दहावा घातला. हे तेव्हा बापाच्या मांडीवर बसून मुंडण करून घेत होते, एवढं त्यांना आठवतं.

"आमच्या घरचं माणूस त्या फाटकातून आत गेलं की बाहेर येत नाही," हे म्हणाले. "आक्का गेली, पुरे झालं."

मी उपास केला. मुलाची शपथ घातली. भांडी आपटली. हेमराज सचिन गावच्या मिलमधली पाळी बुडवून आला आणि त्याने एक दिवस त्यांना धरून रिक्षात बसवलं. उधना दरवाजाला रिक्षा थांबली तसे हे दुसऱ्या अंगाने उतरले आणि बस पकडून हेमराजच्या आधी घरी आले. छातीत श्वास घ्यायला दम नव्हता, पळायला होता.

मग एक दिवस समोरची लीला दाण्याचं कूट मागायला आली. लीलाचा नवरा त्याच सॅनिटोरियममध्ये राहून आला होता. जाताना दोघांनी काखेत धरून नेला होता, येताना गादीची वळकटी स्वतः उचलून आला.

"सुकदेवभाऊंना पाठवा हो," लीला म्हणाली. "तिथे एक म्हातारी आहे, सखुबेन. पुरुषांच्या वॉर्डात गोळ्या तिच्याच हातून. जीभ वर करून दाखवल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जात नाही. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी गोळी गालात धरली. तिने गालावर टिचकी मारली आणि म्हणाली, 'गोयी गिय, गालमा अंडं उबवस का?'"

माझा कूट मोजणारा हात थांबला. गोळीला गोयी म्हणणारी बाई आमच्याच मुलखाची. पण सखू नावाच्या बाया खानदेशात पोत्याने सापडतील.

"कोणत्या गावची?"

"विचारायची हिंमत कोणाला? पण ताई, खरं सांगू का, बोलणं अगदी तुमच्या ह्यांच्यासारखं. टोमणा मारायचा आणि तोंड सरळ."

लीलाला मी वाटीभर जास्त कूट दिलं. ती घरी जाऊन काय समजली असेल देव जाणे.

मी घरात कोणाला सांगितलं नाही. मेलेली बहीण जिवंत आहे असं आजारी माणसाला सांगायचं आणि मग ती भलतीच निघायची, म्हणजे फाल्गुनात रक्त पडलं ते चैत्रात पुन्हा पडायचं. पण ती खरीच निघाली तर ह्यांची सबब संपली. त्या फाटकातून आत गेलेलं माणूस धडधाकट आहे, हे डोळ्यांनी दिसलं की बोलायला जागा राहिली नसती.

सकाळी नूतनला म्हटलं, बाजारात जाते.

"बाजाराला ही साडी?" ती म्हणाली.

सून हुशार आहे. हे मी तिला सांगत नाही.

हजिऱ्याच्या रस्त्याला तेव्हा ट्रकच ट्रक. इच्छापोरची कारखान्यांची गर्दी मागे पडल्यावर कंडक्टरने मला उतरवलं आणि आत जाणारी वाट दाखवली. दोन्ही अंगांना सुरूची झाडं, खारट वारा, आणि शेवटी लोखंडी फाटक. फाटकाआड बैठे, लांबलचक वॉर्ड, व्हरांड्यात खाटा काढलेल्या. रखवालदार कांदा फोडून जेवायला बसत होता.

"कोनुं काम छे, माजी?"

"सखुबेन. खानदेशवाळां."

त्याने कांद्याला मीठ लावलं आणि म्हणाला, "सखुबेन तो ऑफ छे."

आता मी सुरतेत आले त्या वर्षीच एक गोष्ट शिकले होते. इथे माणूस मेला म्हणत नाहीत. 'ऑफ थई गया' म्हणतात. शेजारचे काका ऑफ झाले, खात्याच्या शेठची आई ऑफ झाली. सुट्टीला आमच्या खात्यात रजा म्हणतात. ऑफ म्हटलं की तिरडीच डोळ्यापुढे येते. लीलाचा नवरा येऊन महिना दोन महिने झाले होते, तेवढ्यात म्हातारी गेली. मी उशीर केला, आणि आता ह्यांना दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

नणंद मेलेली कळल्यावर भावजयीने गप्प राहायचं नसतं. तोंड पाहिलेलं असो नसो, रीत ती रीत. मी फाटकासमोर धुळीत बसले, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि गळा काढला.

"वं मनी सखूबाई वं, भाऊले कोना भरोसे टाकी गयी वं..."

रडणं मला चांगलं जमतं. गल्लीत कोणाकडे मयत झालं की मलाच पुढे घालतात. पण त्या दिवशी ते नुसतं रीतीचं राहिलं नाही. भावाला कोणाच्या भरवशावर टाकून गेलीस, हे म्हणताना मला खाटेवरचे आमचे हे दिसायला लागले, आणि आवाज मला आवरेना.

रखवालदाराचा कांदा तसाच राहिला. तो "अरे माजी, शुं थयुं, शुं थयुं" करत आत पळाला. थोड्या वेळाने पदराखालून मला दोन चपला दिसल्या आणि पांढऱ्या साडीचे काठ.

"कोणाचा पेशंट?" वरून आवाज आला, गुजरातीत.

"खबर नथी," रखवालदार म्हणाला. "बस रडे छे."

चपला आणखी जवळ आल्या. माझ्या रडण्यातले शब्द तिला कळले असावेत, कारण आता आवाज अहिराणीत आला. "कोनले रडस वं माय?"

"सखूबाईले."

"कोनती सखूबाई?"

"लोटू पाटीलनी आंडेर. मनी ननद."

मग ती म्हणाली, "कधी मेली?"

"ते नाही सांगितलं. हा नुसतं ऑफ म्हणाला."

"माजी, में तो कह्युं ऑफ छे," रखवालदार काकुळतीला आला. "आजे एमनी रजा छे. आ रह्यां सखुबेन."

मी पदर वर केला. पुढे एक उंच म्हातारी उभी होती. नुकतीच न्हायलेली, केस ओले, हातात फणी. आणि त्या तोंडावर आमच्या ह्यांचं नाक होतं, तेच, मधे बसकं आणि टोकाला फुगलेलं, जे हेमराजला आलं म्हणून त्याचं लग्न जमवताना मला एवढा त्रास झाला.

"रड," ती म्हणाली. "चांगली रडतेस. माझ्यासाठी कोणी एवढं रडेल असं वाटलं नव्हतं. फक्त आवाज कमी कर, आत माणसं झोपलीत."

तोंड सरळ.

तिची खोली वॉर्डाच्या मागे होती. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि स्टोव्ह पेटवला. कोण, कुठली, काही विचारलं नाही. "आधी चहा घे. रडून घसा सुकतो," एवढंच. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्याच्याने कोणाच्या घरी गप्प बसवत नाही, पण तिथे बसले. उघड्या दाराबाहेरून एक पेशंट चालला होता. ती चहा गाळत होती, पाठ दाराकडे. न वळता म्हणाली, "बीडी फेंकी दे." तो माणूस चांगला दांडगा, मिशाळ. त्याने बीडी टाकली, पायाने विझवली आणि थोटूक उचलून कचऱ्याच्या डब्यात घालून आला. माझ्या सुनेला मी तीनदा सांगते तेव्हा ती ताट उचलते.

मग मी सगळं सांगितलं. सुकदेवची बायको म्हणून सांगितलं तेव्हा तिची मान थोडी हलली. टीबी म्हटल्यावर ती खाटेवरून उठून माझ्यासमोर येऊन बसली.

"रक्त पडलं?"

"पडलं."

"गोळ्या सोडल्या होत्या?"

"मोरीत टाकल्या."

"लोटू पाटलाचा मुलगा आहे खरा. बापाने ताप आला म्हणून कधी कोयता खाली ठेवला नाही आणि बरं वाटलं म्हणून कधी काढा पूर्ण प्याला नाही."

मी म्हटलं, "चला आक्का, माझ्याबरोबर घरी चला. तुम्ही दारात उभ्या राहिलात की ते उठतील. त्यांना वाटतं इथून कोणी बाहेर येत नाही."

हातातला कप तिने खाली ठेवला.

"मी येत नाही."

"का?"

"मी बरी झाले होते," ती म्हणाली. "वर्ष पण लागलं नाही. न्यायला कोणी येईपर्यंत काय करणार, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी मला स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला ठेवलं. पगार लावला. आठवड्याची सुट्टी दिली. इतके महिने दर्याचा वारा खाल्ला होता, पण दर्या पाहिला नव्हता. एका सुट्टीला बाकीच्या बाया घेऊन गेल्या. दिवसभर पाण्यात पाय घालून बसले. संध्याकाळी आले तर रखवालदार म्हणाला, तुझा बाप येऊन गेला. फाटकापर्यंत आला आणि परत गेला. मी चलथाणला गेले, तर पडावाच्या तोंडालाच कारखान्याचा चौकीदार म्हणाला, लोटू पाटील सीझन टाकून गावी गेला. आत न जाता मी तशीच फिरले. मुलगी बरी झालेली कळली, आता घरी न्यावी लागेल, म्हणून बाप पळाला. दुसरं काय समजायचं मी?"

"पळाले नाहीत ते."

"मग काय झालं?"

"उखा मुकादम विचारायला पुढे झाला. रखवालदाराने काही सांगितलं, आणि उखाने टोपी काढली. मेली म्हणून सांगितलं त्याने."

"मेली? मी तर दर्यावर..."

ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघायला लागली. मी पण तिच्याकडे बघितलं. माझ्या साडीला अजून फाटकासमोरची धूळ होती.

"तू मघाशी कशाला रडलीस?" तिने हळू विचारलं.

"तो ऑफ म्हणाला म्हणून."

मग तिने कप उचलले, बाहेर मोरीवर जाऊन धुतले. दोनच कप होते, पण धुवायला खूप वेळ लागला. आत आली तेव्हा पदराने हात पुसत होती, हातच पुसत होती.

"दहावा घातला?"

"घातला."

"पिंडाला कावळा शिवला?"

"सासूबाई सांगायच्या, ठेवल्याबरोबर शिवला."

"कावळ्याला भूक लागली असेल," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं, "आता तर कळलं ना आक्का? आता चला."

"नाही." पण हे नाही वेगळं होतं. "आपल्यात आखाजीला लेकी माहेरी येतात ना? कशा येतात?"

"मुऱ्हाळी नेतो." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आणि मुऱ्हाळी म्हणजे माहेराहून न्यायला आलेला बाप नाहीतर भाऊ. तो आला की लेकीने निघायचं.

"हं. मुऱ्हाळ्याशिवाय आपल्या पायाने माहेरी गेलेली लेक म्हणजे हाकललेली लेक. मी एकदा तशी गेले, नवऱ्याने काढलं तेव्हा. खाली मान घालून पडावात शिरले. तेव्हाच ठरवलं, पुन्हा तशी जाणार नाही. बाप दारातून फिरला असं वाटलं तेव्हा रागाने गेले नाही, आता राग नाही तरी रीत आहे. आखाजी कधी आहे?"

"येत्या आठवड्यात."

"मग सुक्याला सांग, बहिणीला न्यायला ये."

"आक्का, त्यांना उंबऱ्यापर्यंत जाताना दम लागतो."

"रिक्षाने ये म्हणावं. फाटकापर्यंत. पुढे मी आहे."

हे बोलून ती स्टोव्हची वात खाली करायला लागली. मला कळायला थोडा वेळ लागला. पेशंट म्हणून जो माणूस त्या फाटकात पाऊल टाकणार नव्हता, तो मुऱ्हाळी म्हणून टाकणार होता. मी लबाड माणसं पुष्कळ पाहिली आहेत, निम्मी माझ्या माहेरची. पण इतक्या सरळ तोंडाने, इतक्या धर्माने लबाडी करणारी पाहिली नव्हती. मी उठले आणि तिच्या पाया पडले. सासूच्या पाया मी सणाला पडायचे, ते पण सांगितलं तर.

निघताना ती म्हणाली, "तो विश्वास ठेवणार नाही. त्याला सांग, चलथाणच्या पडावात रोज माझ्या गोधडीत मुतायचास, ती अजून वाळली नाही."

घरी येऊन मी ह्यांच्या खाटेवर बसले आणि सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

"लीलाने भरवलं तुला," ते म्हणाले. "इथे खानदेशातली कोणीही म्हातारी सखू असते."

"नाक तुमचं आहे."

"नाकं काय, बाजारात बघ."

मग मी गोधडीचं सांगितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी तस्त घ्यायला धावले, मला वाटलं उबळ आली. पण ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आक्काच ती," ते म्हणाले. "हे मायलापण माहीत नव्हतं. ती पहाटे उठून गोधडी लपवून धुवायची, मला मार बसू नये म्हणून." थोड्या वेळाने म्हणाले, "ती स्वतः का नाही आली?"

"मुऱ्हाळी पाहिजे म्हणते."

हे उठून बसले. "मग? कोणी जायचं? हेमराज भाचा आहे, भाऊ मी आहे."

आखाजीच्या आदल्या दिवशी न्हावी घरी बोलावला. ह्यांनी दाढी करून घेतली, धुतलेली टोपी घातली. बहिणीसाठी साडी आणि बांगड्या मी घेऊन ठेवल्या होत्या, त्या पिशवीत घालून पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, मला धरू दिली नाही. हेमराज रिक्षावाल्याच्या शेजारी बसला. उधना दरवाजाला रिक्षा थांबली तेव्हा मी ह्यांचा सदरा मागून मुठीत धरला. हे म्हणाले, "सोड. आज कोण पळतंय?"

ती फाटकापाशी उभी होती. पांढऱ्या साडीला इस्त्री केलेली. हे रिक्षातून उतरले, दोन पावलं टाकली आणि रिक्षाला धरून उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती पुढे झाली आणि तिने भावाचं मनगट धरलं. मला वाटलं माया आहे. माया होतीच, पण बोटं नाडीवर होती.

"आक्का, तुला न्यायला आलो," हे म्हणाले.

"उशीर केलास. चल, आत बसू. मला आवरायला वेळ लागेल."

ती त्यांना घेऊन चालायला लागली. त्यांचा दम बघून थांबत होती, सुरूची झाडं दाखवण्याचं निमित्त करत होती. खोलीकडे न वळता वॉर्डात शिरली. खिडकीशी एक खाट, तिच्यावर धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा लोटा. हे खाट बघून थबकले. मग माझ्याकडे वळले.

"तुला माहीत होतं."

"होतं," मी म्हटलं.

"मी तिला न्यायला आलोय."

"आणि मी येणारच आहे," सखूबाई म्हणाली. "मुऱ्हाळी पुढे, बहीण मागे, आणि तिचं गाठोडं मुऱ्हाळ्याच्या खांद्यावर, अशी रीत आहे. या खांद्यावर गाठोडं ठेवलं तर गाठोडं वर आणि तू खाली. खांदा तयार कर, मग निघू."

"किती दिवस?"

"ते तू गोळी मोरीत टाकतोस की पोटात, त्याच्यावर आहे."

आसपासच्या खाटांवरची माणसं उठून बसली होती. हे दाराकडे बघायला लागले. ती नजर मी ओळखते. मी दारात जाऊन उभी राहणार होते, हेमराज पण सरकला. सखूबाईने हाताने आम्हाला थांबवलं आणि स्वतः बाजूला झाली. दार मोकळं.

"जायचं तर जा सुक्या," ती म्हणाली. "बाप असाच फाटकावरून फिरला. तेव्हा त्याला हाक मारायला मी इथे नव्हते. आज आहे, आणि मारणार नाही."

वॉर्डात कोणी खोकलंसुद्धा नाही. हे उभे राहिले. पिशवी छातीशी धरलेली. मी देवाचं नाव घेत नाही फारसं, तेव्हा घेतलं. मग हे हळूच खाटेवर टेकले. टोपी काढून उशाशी ठेवली. पिशवी तिच्यापुढे केली. तिने पिशवी घेतली आणि दुसरा हात पुढे केला. त्या तळव्यावर गोळ्या होत्या, बऱ्याच होत्या. ह्यांनी त्या एकेक करून गिळल्या.

"जीभ," ती म्हणाली.

ह्यांनी जीभ वर करून दाखवली.

तिने नीट बघितलं, मान हलवली, आणि लोटा उचलून जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळली. "तू निघ आता. भेटायला रविवारी यायचं. भाकरी आणू नकोस, त्याला इथे मिळते. कळण्याची केलीस तर माझ्यासाठी आण, खूप वर्षांत खाल्ली नाही."

मला आजवर 'तू निघ' असं कोणी म्हटलेलं नाही. हेमराज माझ्या तोंडाकडे बघत होता, आता आई काय बोलते म्हणून. मी पदर सारखा केला, त्याला म्हटलं, चल, आणि निघाले.